बायोडेटातली जास्तीची ओळ

सावनी टिपणीस नऊ वर्षं धाटावच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. पेणहून कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर नमुने तपासायचे आणि त्याच बसने परत यायचं. तिसाव्या वर्षी तिने मोबाइलवर एका बाईला हूप घेऊन नाचताना पाहिलं. लहान मुली कमरेभोवती रिंग फिरवतात तेवढंच तिला ठाऊक होतं. ही बाई तीच रिंग खांद्यावरून, गुडघ्यावरून, तळहातावरून फिरवत नाचत होती, आणि रिंग जणू तिच्या अंगचीच होती. सावनीने तो व्हिडिओ बसमध्ये चार वेळा बघितला.

त्या रविवारी तिने हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचा काळा पाइप आणला, टोकं गरम पाण्यात मऊ करून जोडली, वरून कापडी टेप गुंडाळली. गणपतीच्या मूर्तींना लावायची सोनेरी लेस पेणमध्ये हव्या त्या रुंदीची मिळते, तीही लावली. पुढचे दोन महिने नडग्या काळ्यानिळ्या होत्या. आई गेल्यापासून घरात ती आणि वडील दोघंच. वडील दामोदर टिपणीस गणिताचे निवृत्त शिक्षक. ते पेपर वाचत आणि अंगणात रिंग पडल्याचा आवाज झाला की पान उलटत.

जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीच्या कँटीनमागे सराव करू लागली. पॅकिंगमधली अनीसाभाभी रोज उभी राहून बघायची. तिचा नवरा खालिद कुवेतला, मुलं शिकायला बाहेर. एक दिवस तिने विचारलं, "मला जमेल का गो?" ती पहिली विद्यार्थिनी. मग रोह्यात अनीसाभाभीच्याच गच्चीवर दर रविवारी वर्ग सुरू झाला. सहा बायकांच्या बावीस झाल्या. सावनीने कंपनीच्या वर्धापनदिनी एकदा आणि महिलांच्या कार्यक्रमांत दोनदा स्टेजवर नाच केला.

मग कंपनीने प्रयोगशाळा दुसरीकडे हलवली आणि सावनी घरी बसली. तीन ठिकाणी केमिस्टच्या जागेसाठी अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. तेवढ्यात कळलं की पेणमधल्याच एका शाळेला हूप नृत्य शिकवायला आणि स्नेहसंमेलनात सादर करायला कुणीतरी हवंय. बायोडेटा मागवलाय.

ती वही घेऊन बसली. बी.एस्सी. रसायनशास्त्र, नऊ वर्षं प्रयोगशाळा, हे भराभर झालं. हूपपाशी आल्यावर तिने लिहिलं, 'स्वतः शिकले', आणि पेन तिथेच थांबलं. या दोन शब्दांवर तिला कोण वर्गात उभं करणार?

एस.टी. स्टँडजवळ आदेशचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नाचे आणि नोकरीचे निम्म्या गावाचे बायोडेटे त्यानेच केलेले. त्याने कागद वाचला, एवढ्यावर बोलावणं येणार नाही असं सांगितलं, नीट मांडून देतो म्हणाला, खाली लावायला तिच्या सहीचा फोटो काढून घेतला आणि संध्याकाळी परस्पर शाळेला ईमेलही करून टाकला. तिला मोबाइलवर आलेल्या प्रतीत सावनीने फोटो आणि वरची चौकट तेवढी बघितली. छान दिसत होतं.

आठ दिवसांनी शाळेच्या कारकुनाचा फोन आला. गुरुवारी अकराला मुलाखत, येताना प्रमाणपत्राची मूळ प्रत आणा. कसलं प्रमाणपत्र? तिने फाइल उघडून शेवटपर्यंत वाचली. अनुभवाखाली एक ओळ जास्तीची होती: 'परदेशी संस्थेची प्रमाणित हूप नृत्य प्रशिक्षक'. खाली तिची सही.

आदेशला विचारल्यावर कळलं, त्याने दुसऱ्या कुणाच्या बायोडेटातून ती ओळ उचलली होती. त्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, उलट ताईंचं काम झालं याचा आनंदच होता. सगळेच लिहितात, तपासत कुणी नाही, घर बदलताना हरवलं म्हणून सांगा, असा त्याने सल्ला दिला.

तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. न जाणं सोपं होतं. पण पेण केवढंसं, ही बाई खोटं लिहिते हे कायमचं मागे लागलं असतं. बुधवारी तिने वडिलांना सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवूनच.

"ते तू लिहिलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण सही माझी आहे."

"मग उद्या समोर जाऊन सांग. फोनवर नको."

मुख्याध्यापिका श्यामला मॅडम निवृत्तीला आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. सावनीने खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. प्रमाणपत्र नाही, कधीच नव्हतं, प्रत मिळूनही शेवटपर्यंत वाचली नाही ही चूक माझी. मॅडमनी त्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारली आणि कागद उलटा करून तिच्यापुढे सरकवला.

"ही बाजू कोरी आहे. खरं तेवढंच लिहा. बाहेर बाकावर बसून लिहा, घाई नाही."

बाकावर बसल्यावर तिचा हात थांबलाच नाही. व्हिडिओ बघून शिकले. सात वर्षांत सत्तर-ऐंशी रिंगा स्वतः बनवल्या, उंचीप्रमाणे माप घेऊन. बावीस बायकांना शिकवलं, सगळ्यांत मोठी एकसष्ट वर्षांची. दोघी वर्ग सोडून गेल्या, कारण सुरुवातीला मी फार घाईने शिकवायची. स्टेजवर तीन वेळा. संदर्भासाठी अनीसाभाभीचा नंबर.

मॅडमनी तिच्यासमोरच तो नंबर लावला, स्पीकरवर. अनीसाभाभीला आधी वाटलं बँकेचा फोन आहे. शाळेचं नाव ऐकल्यावर ती बोलू लागली.

"आमच्या हातून रिंग पडली की आम्हाला लाज वाटायची. तर ही आपली रिंग मुद्दाम पाडायची. आम्हाला वाटायचं, हिला पण नीट येत नाय. मग कंपनीच्या कार्यक्रमात हिचा नाच बघितला, तेव्हा कळलं."

हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं सावनीला वाटलंच नव्हतं.

मॅडमनी तिला पटांगणात नाचून दाखवायला सांगितलं. रिंग तिने आणलीच होती. गाणं नव्हतं, आठवीचा एक वर्ग खिडकीला चिकटला होता. पहिल्या दोन फेऱ्यांत तिचे खांदे आखडलेले होते. तिसऱ्या फेरीला रिंग कमरेवरून वर चढली, हातावर आली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला.

"सोमवार आणि गुरुवार," मॅडम म्हणाल्या. "संमेलनात तुमचा स्वतःचा नाच वेगळा. आणि हा मागचा मजकूर टाइप करून द्या, शाळेच्या समितीपुढे ठेवायचाय."

ती आदेशकडेच गेली. काय झालं ते ऐकून तो ओशाळला, आणि एक अक्षर इकडचं तिकडे न करता त्याने टाइप करून दिलं. फक्त त्या दोघी वर्ग सोडून गेल्या ते ठेवायचं का, एवढं त्याने विचारलं. ती ठेवा म्हणाली.

पेणमधल्याच रामवाडीला घरी पोचली तेव्हा वडील जेवायचे थांबले होते. जेवताना तिने बातमी सांगितली, तशी त्यांनी तिच्या पानात आणखी भात वाढला. तिने आमटीभात दोनदा मागून घेतला. मग पंख्याखाली चटईवर जी आडवी झाली, ती ऊन उतरेपर्यंत हलली नाही.