मंगळवार होऊ दे, मग बघू

आमचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप डोंबिवलीचा. आम्ही बाराजणी नऊवारी नेसून फुगड्या, झिम्मा आणि सासू-सुनेचं भांडण करून दाखवतो. श्रावणातल्या मंगळवारी कुठली ना कुठली सुपारी असतेच. रिक्षा, गजरे, लाटणी, सुपं ही जबाबदारी माझी. लोकांना हसवणं माझ्या धाकट्या जावेचं. उखाणे ती लिहायची, भांडण ती लिहायची आणि भांडणातली सूनही तीच व्हायची. सासू मी.

तिचं मन कधी उधळतं, कधी महिनोन्‌महिने बसून राहतं. आजार आहे, त्याला लिथियमच्या गोळ्या आहेत. दीर फिरतीवर असतात, म्हणून दर रविवारी तिची सात खणांची डबी मी भरते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडावर ती म्हणाली, "ताई, गोळ्या घेतल्या की डोक्यावर ओली गोधडी टाकल्यासारखं होतं. विनोद आतून ओरडतो, बाहेर ऐकूच येत नाही."

"ओरडू दे. तू गोळी घे," मी म्हटलं. मला पोहे फोडणीला टाकायचे होते.

पुढच्या रविवारी डबी उघडली तर सहा खण तसेच भरलेले. ती माझ्या ओट्याला टेकून वहीतून उखाणे वाचत होती. सकाळपासून चाळीस झाले होते. मी पोट धरून हसत होते आणि माझ्या हातात ती डबी होती. ठाण्याला खोपटच्या कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते. मंगळवार होऊ दे, मग बघू, असं मनात म्हणून मी झाकण लावलं. तिला एका शब्दाने विचारलं नाही.

खोपटच्या हॉलमध्ये भांडण सुरू झालं. पहिली चार मिनिटं ती इतकी सुंदर बोलली की मला माझी वाक्यं आठवेनात. मग तिने लिहिलेलं सोडलं. "ह्या माझ्या गोळ्या मोजतात! माझी झोपसुद्धा मोजतात हो!" टाळ्या पडल्या. मी शेवटचं वाक्य टाकलं. तिने उचललं नाही. पुन्हा टाकलं. लाटणं तसंच उगारून ती बघत होती ती ना माझ्याकडे, ना बायकांकडे. मी तिची मनगटं धरून फुगडी घातली. बाकीच्या शहाण्या, लगेच फेर धरून आल्या आणि त्या फेरातूनच आम्ही तिला आत नेलं. बाहेर बायका अजून हसत होत्या. "सून काय भन्नाट आहे हो तुमची!" नव्या नवरीची सासू मला सांगायला आत आली.

तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती. तेव्हा मी ती वही नीट वाचली. पहिली दोन पानं फार चांगली आहेत, हे मी लपवणार नाही. तिसऱ्यापासून नुसती यमकं पळतात. आठव्या पानावर यमकही नाही, नुसते शब्द, कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलेले. कलावंत जरा असेच असायचे, असं मला कोणी समजावलं की ते आठवं पान दाखवावंसं वाटतं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोन श्रावण तिने ओळही लिहिली नाही. "ताई, मला ग्रुपमधून काढा. आता मी कोणाला हसवणार?"

"मग सून काय मी होऊ? माझे गुडघे बघ आणि बोल."

यंदा तिने पंधरा दिवस खाडाखोड करून एकच उखाणा आणला. 'कुकरच्या झाल्या तीन शिट्ट्या, चौथीची वाट बघते. …राव उठून गॅस बंद करतील, तेव्हाच नाव घेते.' कल्याणच्या कार्यक्रमात बायकांनी तो दोनदा म्हणायला लावला.

परतताना रिक्षात ती माझ्या नऊवारीवरून काहीतरी चटकन बोलली. मी हसायच्या आधी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "आधी हसा, मग तपासा."

मी हसले. रविवारी भरायला घेतली तेव्हा डबीचे सगळे खण रिकामे होते, हे मला ठाऊक होतं. तरी तिला घरी सोडताना मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि कालचा, सोमवारचा खण उघडून पाहिला.