सासरेबुवांचं इंजिन

रत्नागिरीत माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा गिऱ्हाइकांचं एक वाक्य ठरलेलं असे. "आम्ही काही हात लावला नाही हो, आपोआप बंद पडलं." हे सांगणाऱ्याची नखं काळी असत. मी मान डोलवायचो आणि इंजिन उघडायचो. आत पॅकिंगच्या जागी सुंभ आपोआप गुंडाळलेला असायचा, स्क्रूच्या जागी खिळा आपोआप ठोकलेला असायचा आणि टाकीच्या भोकावर फणसाचा चीक आपोआप येऊन बसलेला असायचा.

फणसाच्या चिकाबद्दल मला आदर आहे. फुटकं मडकं तो वर्षानुवर्षं धरून ठेवतो. पण पेट्रोलपुढे त्याचं काही चालत नाही. तो हळूहळू मऊ पडतो, नळीतून कार्ब्युरेटरात उतरतो आणि तिथे बिऱ्हाड करतो. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. बागायतदारांकडे फवारणीचे इंजिनवाले पंप नुकते येऊ लागले होते, आणि मेस्त्रीकडे आणण्याआधी जो तो घरातलं औषध करून बघत असे. मला राग यायचा. पण माझं पोटही त्यावरच चालायचं, म्हणून बेताचाच यायचा.

या घरगुती डॉक्टरांमध्ये सगळ्यात मोठे म्हणजे माझे सासरे. पावसच्या पुढे कातळावर त्यांची हापूसची कलमं होती. पंप बिघडला की ते पडवीत गोणपाट पसरून स्वतःच इंजिन उघडत. परत जोडताना काही ना काही उरायचंच. ते एका डब्यात जपून ठेवत. सासूबाई म्हणायच्या, "डब्यात आता दुसरं इंजिन होईल."

जावई मेस्त्री असताना हा उपद्व्याप कशाला, असं कोणीही विचारील. पण त्यांच्या हिशेबात ते बरोबर होतं. जावयाला कामाला लावायचं नाही. दुसऱ्या मेस्त्रीकडे न्यावं, तर सासऱ्याचा जावयावर भरवसा नाही असं गावभर होणार. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. माझं दुकान पुढे आणि घर मागे. म्हणजे दुकानात यायचं तर लेकीच्या उंबरठ्याशी यायचं.

लग्नाला तीन वर्षं होत आली, तरी ते एकदाही आले नव्हते. बाजाराला रत्नागिरीत यायचे, कचेरीच्या कामाला यायचे आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरून परत एस.टी. धरायचे. ते येणार असं कानावर आलं की माझी बायको सकाळपासून पुढच्या खिडकीशी काहीतरी काम काढून बसे. तांदूळ निवड, लसूण सोल. संध्याकाळची गाडी सुटली की उठून चूल पेटवायची. वडिलांनी एकदा यावं, आपलं घर बघावं, आपल्या हातचं काही घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

ती म्हणायची, "रीत आहे." मला ते पटत नसे. त्यांच्या घरात मास्तर, वकील, पोस्टातले साहेब. त्यात मी असा कोपरापर्यंत काळा. रीत नुसती पुढे केली आहे, खरी अडचण माझ्या हातांची आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो. संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा इंजिन पडवीत गोणपाटाखाली झाकलेलं दिसलं. मी सहज गोणपाट उचलायला वाकलो, तर सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही झोपाळ्यावर बसा. ते आमचं चाललंय." झोपाळ्यावर बसून मी तिळगूळ खाल्ला, पण लक्ष सगळं गोणपाटाकडे.

त्याच महिन्यात हवा बिघडली. कलमं मोहोराने भरलेली आणि वर आठवडाभर ढग. अशा हवेत मोहोरावर तुडतुडे पडतात आणि चार दिवसांत मोहोर काळा करून टाकतात. फवारणी करायची तर सकाळी, वारा पडलेला असतो तेव्हा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की औषध झाडापेक्षा माणसावरच जास्त बसतं. आणि सासरेबुवांचं इंजिन नेमकं सकाळी ढिम्म हलत नव्हतं.

एका सकाळी मी दुकान उघडलं तर दारापुढच्या फळीवर सासरे बसलेले. शेजारी गोणपाटात बांधलेलं इंजिन. पहिल्या गाडीने आले असणार. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मेस्त्री," ते म्हणाले, "पंपाचं इंजिन दुरुस्त होतं काय इथे?"

तीन वर्षं मी जावईबापू होतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते दुकानातल्या टायरकडे बघत होते. मी म्हटलं, "होतं की. काय होतंय त्याला?"

"सकाळी उठत नाय. ऊन वर आलं की उठतं."

"कोणी उघडलं होतं काय?"

"नाय हो. आपोआपच झालं." मग म्हणाले, "गड्याने उघडलं असेल तर ठाऊक नाय."

मी उघडायला घेतलं. टाकीच्या तळाला चीक होताच. पॅकिंग साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं, आणि ते खोकं दिवाळीत मीच सासूबाईंना नेलेलं. पण खरी गंमत कार्ब्युरेटरात होती. इंजिनाला हवा-पेट्रोल सोडणारी आतली सरकती पट्टी पांढऱ्या, घट्ट थराने जागच्या जागी गोठली होती. वास घेतला आणि मला हसू आवरेना. कोकमतेल. थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतो ते. उन्हात इंजिन तापलं की हे तेल पातळ व्हायचं आणि पट्टी सुटायची. रात्री गारठलं की पुन्हा दगड.

"मामा," मी म्हटलं, "तुमच्या गड्याला सांगा, इंजिनाच्या टाचा फुटत नाहीत."

"सांगतो," ते गंभीरपणे म्हणाले. "गडी जरा हुशारच आहे."

मी कार्ब्युरेटर रॉकेलात टाकला आणि काहीतरी निमित्त काढून मागे घरात गेलो. बायको दाराआडच उभी होती, सगळं ऐकत. तिने चहा केलेलाच होता, पण देणार कसा? मग तिचं लक्ष फडताळातल्या दोन काचेच्या ग्लासांकडे गेलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलचे, परत द्यायचे राहिलेले. तिने चहा त्यात ओतला. मी मागच्या दाराने बाहेर पडलो, गल्लीला वळसा घातला आणि दोन्ही ग्लास घेऊन रस्त्यावरून दुकानात शिरलो.

"गिऱ्हाइकाला चहा द्यायची पद्धत आहे इथे," मी म्हटलं. "हॉटेलातून आणलाय."

त्यांनी ग्लास घेतला. माझा काळा अंगठा त्यावर उमटला होता. पुसतील असं वाटलं, पण त्यांनी तिथेच बोट ठेवून ग्लास तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि थांबले. चहात गवती चहाची पात होती. लग्नानंतर बायकोने माहेरच्या परसातून ठोंब आणून आमच्या मोरीपाशी लावला होता, त्याचीच.

"मेस्त्री," ते म्हणाले, "हॉटेलवाला गवती चहा बरा घालतो."

"हो, लांबून आणतो तो."

"कुठून?"

"पावसच्या बाजूने."

त्यांनी ग्लास तळापर्यंत संपवला. मग आतल्या दाराकडे तोंड करून, जरा मोठ्याने, म्हणाले, "अजून अर्धा सांगा." आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मी पुन्हा गल्लीला वळसा घातला. खरं सांगतो, त्या वळशात माझे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं मी उगाच स्वतःचे हात घासत होतो.

दुपारपर्यंत इंजिन पहिल्या ओढीला सुरू झालं. ते गाडीने परत गेले आणि दुसऱ्या सकाळपासून फवारणी झाली. थोडा मोहोर गेला, बराचसा राहिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते पुन्हा फळीवर बसलेले. शेजारी तेच गोणपाट.

"मेस्त्री, परत बंद पडलंय."

मी बघितलं. प्लग दोन आटे सैल होता आणि त्यावर पान्याचा ताजा, चकचकीत ओरखडा. चीक नाही, पुठ्ठा नाही, कोकमतेल नाही.

"हा कसा सैल झाला?"

"आपोआप," ते म्हणाले, आणि या वेळी सरळ माझ्याकडे बघितलं.

मी पाना उचलला आणि परत खाली ठेवला. "मोठा बिघाड दिसतोय," मी म्हटलं. "संध्याकाळची गाडी गाठता आली तर बघू. तोवर खानावळीतून ताट मागवतो."

"मागवा," ते म्हणाले आणि पायातल्या वहाणा काढून फळीवर नीट मांडी घालून बसले.

मी मागे गेलो. बायकोने कुकर आधीच लावला होता. तासाभराने मी वाफाळतं ताट घेऊन मागच्या दाराने निघालो आणि आमटी हिंदकळू न देता सगळी गल्ली फिरून पुढून आत आलो.