लाल वजा केलेला समुद्र

“यातला लाल वजा करा,” अंधारातून बाईंचा आवाज यायचा, आणि वर्गातली सगळी डोकी डोळे बारीक करून आज्ञाधारकपणे लाल वजा करायला लागायची.

बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, गणिताचा तास चाललाय. चाललेला असायचा अमेरिकन चित्रकलेच्या इतिहासाचा. आमच्या लहानशा कला महाविद्यालयात बाई कलेचा इतिहास शिकवत आणि मी अक्षरलेखन. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवुडची भिंत होती. त्यामुळे एक पैचीही फी न भरता मी अमेरिकन चित्रकलेत बऱ्यापैकी तयार झालो.

या वजाबाकीचं कारण असं. वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास करायला आलेला एक अमेरिकन माणूस परत जाताना कॉलेजला स्लाइडची एक पेटी भेट देऊन गेला होता. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, आणि ती चित्रं ताजी असताना त्यांनी पाहिली. पुढं आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी आणि लोखंडी कपाटानं आपलं काम केलं. जुन्या फिल्मवरचे निळे-हिरवे रंग आधी उडतात, लाल तेवढा चिकटून राहतो. बघता बघता अख्खी अमेरिका लालसर झाली. आकाश लाल, गवत लाल, नदी लाल. ती चित्रं मूळ रंगात पाहिलेलं माणूस आमच्याकडे एकच उरलं होतं, ते म्हणजे बाई.

मग त्या आठवणीतून रंग सांगत. “इथं निळं समजा. शाईसारखं नाही, पारव्याच्या मानेसारखं.” पोरं मान डोलवत. आमचे शिपाई चाँदभाई प्रोजेक्टर लावून बाहेर आले की माझ्या दारात थांबत. “सर, मॅडम का लाल पिक्चर चालू हुआ. अब दो घंटे कोई नहीं निकलता.” आणि खरंच कुणी निघत नसे. माझ्या तासाला मात्र पोरांना हमखास तहान लागायची.

चित्रकारांची नावं बाई सुरुवातीला सांगतच नसत. “नावं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. आधी ओळख तर होऊ द्या.” खेड्यापाड्यांतून आलेली पोरं इंग्रजी नावांना बिचकतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मीही इथं नावं घेत नाही. तुम्ही ती चित्रं कुठं पाहिली असतील तर बाईंनी ठेवलेल्या टोपणनावांवरून ओळखालच.

मोठमोठ्या दऱ्या आणि त्यांवर पडलेला सोनेरी उजेड रंगवणारे जुने लोक म्हणजे ‘नदीकाठची मंडळी’. “यात माणूस शोधा,” बाई म्हणत. पोरं त्या अवाढव्य दरीत मुंगीएवढा माणूस शोधत बसत. म्हाताऱ्या आईला खुर्चीत बाजूनं बसवून करड्या रंगात काढणारा तो ‘आईचा मुलगा’. काचेच्या हॉटेलात एकमेकांशी न बोलणारी माणसं बसवणारा ‘अबोल’. एकच फूल भिंतीएवढं काढणारी ‘फुलवाली’, तिच्याबद्दल सांगताना बाई म्हणत, “भुंगा होऊन बघा.” सूपचे डबे ओळीनं मांडणारा तो अर्थातच ‘किराणावाला’.

कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग शिंपडणारा ‘सडेवाला’ आला की वर्गात हमखास हशा पिकायचा. एकदा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमची आई रोज सकाळी अंगणात ह्येच करती की.” बाई हसल्या नाहीत. “मग तिला विचार, हात कुठं थांबवायचा ते तिला कसं कळतं.” मुलगी दुसऱ्या दिवशी आईचं उत्तर घेऊन आली: अंगण संपलं की. बाईंना ते फार आवडलं. स्टाफरूममध्ये त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं.

दोन धूसर रंगीत चौकोन एवढंच काढणाऱ्या एका चित्रकाराच्या स्लाइडपुढं मात्र त्या स्वतःही बोलत नसत. पूर्ण तास वर्ग गप्प. पलीकडे त्या शांततेत माझी अर्धी पोरं झोपून जात.

आणखी एक चित्रकार होता. तिथले काळे लोक छळाला कंटाळून गावं सोडून शहरांकडं निघाले, ते सगळं त्यानं साध्या, चपट्या रंगांत मांडलं होतं. फलाटावर गर्दी, हातात गाठोडी. ती स्लाइड लागली तेव्हा मिलिंद नावाचा दौलताबादकडचा मुलगा उभाच राहिला. “मॅडम, हे तर आमचे लोक हायेत. माझा आज्जा असाच गाठोडं घिऊन गाव सोडून गेला व्हता.” बाईंनी प्रोजेक्टर बंद केला, दिवे लावले आणि उरलेला तास मिलिंदला बोलू दिलं.

पण बाईंचा जीव अडकला होता तो एका समुद्रात. हा चित्रकार ‘खलाशी’. डोलकाठी मोडलेली एक होडी, तिच्यावर कोपरावर रेललेला एक काळा माणूस, भोवती शार्क, मागं पाण्याचा खांब उठलेला आणि पार क्षितिजावर पुसटसं एक जहाज. होडीत ऊस पडलेला. ऊस दिसला की आमची पोरं खूश. “मॅडम, ऊस हाय ह्यो!” “आहे,” बाई म्हणत, “आणि त्याच्याकडं तेवढाच आहे.” मग कुणीतरी विचारायचंच, ते जहाज येतंय का जातंय. बाई म्हणत, “मला माहीत नाही. त्या माणसालाही माहीत नाही.” आणि मग सूचना यायची: “आता पाणी बघा. खोल निळं. लाल एक थेंबसुद्धा ठेवू नका.”

पुढं मोबाइल आले. एका मुलानं तेच चित्र फोनवर काढून त्यांच्यापुढं धरलं. “मॅडम, ह्यात तर पाण्यात लाल दिसायलंय.” बाईंनी चष्मा वर सारून नीट पाहिलं. “हा फोटोही आपल्यासारख्या जुन्या स्लाइडवरूनच घेतलेला दिसतो,” त्या म्हणाल्या. “बिचारे!” त्या ‘बिचारे’ला मी भिंतीपलीकडे तोंड दाबून हसलो.

बाई निवृत्त झाल्या, मागोमाग मीही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. एक भाची अमेरिकेत होती, ती कधीपासून बोलवत होती आणि बाई टाळत होत्या. एकदा मी कारण विचारलं. “भीती वाटते हो सर,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलेले रंग तिथल्या मूळ चित्रांत नसले तर?” शेवटी निघाल्या, पण आधी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इतक्या लांब जाऊन पिवळा समुद्र बघायचा नव्हता त्यांना.

एका सकाळी मी चहा घेत असताना त्यांचा फोन आला.

“सर, पाण्यात लाल आहे.”

मी विचारलं, “स्लाइडसारखा?”

“नाही हो. थोडासाच. लाटांच्या कडांवर, ब्रशच्या टोकानं ओढलेला. जवळ जाऊन पाहिला. त्यानं स्वतः घातलाय.”

संग्रहालयात त्या चित्रासमोरच्या बाकावर त्या दुपारभर बसल्या होत्या. तिथल्या पहारेकऱ्यानं शेवटी विचारलं, कुठून आलात. त्यांनी सांगितलं, वेरूळच्या जवळून. बाकी सगळे रंग त्यांनी सांगितले होते तसेच होते म्हणे. निळा तर अगदी तोच. मी म्हणालो, मग झालं तर, एवढ्या वर्षांनंतर एवढं आठवलं हेच केवढं. बाई म्हणाल्या, “त्यानं त्या माणसाचं संकट पाण्यात मिसळलं होतं. मी ते धुऊन काढलं आणि पोरांना स्वच्छ समुद्र दाखवला. मोबाइल दाखवला त्या पोराला तर खोटंच पाडलं.”

बाई रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं, आणि फोनवर माणूस रडायला लागलं की काय करायचं असतं ते मला अजूनही कळत नाही.

परत आल्यावर त्यांनी जे आरंभलं त्याला आमच्या घरात सगळे वेड म्हणाले. एकेका जुन्या विद्यार्थ्याला गाठून लाल परत करायचा. सगळ्यात आधी त्या मोबाइलवाल्या पोराला शोधून काढला आणि त्याची माफी मागितली. आमच्या शहरातल्याच मुकुंदवाडीत एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापायचं सोडून त्यानं बाईंना खुर्ची दिली. बाईंनी त्याला खलाशाचा समुद्र सांगितला. तो म्हणाला, “मॅडम, टेन्शन घेऊ नका. चहा घ्या.” एक मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर लेप वाळत होता, तिच्यासकट दोघींना बाईंनी सांगितलं. पुण्यातल्यांना फोन केले. बहुतेकांना चित्रच आठवत नव्हतं.

माझा मात्र संताप झाला. “बाई, या वयात उन्हातान्हात हे काय चालवलंय? कुणाच्या लक्षात आहे?”

“लक्षात नसेल तर काही बिघडलं नाही,” त्या म्हणाल्या. “असेल त्याचं काय?”

असा एक होता. मिलिंद. तो दौलताबादच्या पलीकडे एका गावातल्या शाळेत मास्तर झाला होता. मी बाईंना गाडीतून घेऊन गेलो. शाळेच्या आवारात शिरलो आणि दोघंही जागीच थांबलो. आवाराच्या अख्ख्या भिंतीवर समुद्र होता. होडी, ऊस, शार्क, तो माणूस, वर क्षितिजावर जहाज. पाणी पारव्याच्या मानेसारखं निळं. लाल एक थेंबसुद्धा नव्हता.

मिलिंद धावत आला, बाईंच्या पाया पडला. “मॅडम, तुमी सांगितल्यापरमाणंच काढलंय. बघा, रंग बराबर हाय का?”

बाईंनी भिंतीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला वाटलं, आता बाई गप्प बसतील. बसाव्यात, असं मला मनापासून वाटत होतं.

“मिलिंद, चुकलंय,” बाई म्हणाल्या. “तुझं नाही, माझं.” आणि त्यांनी सगळं सांगितलं.

तो भिंतीकडं बघत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मॅडम. पोरांना लई आवडतोय ह्यो समुद्र. लाल टाकलं तर रक्तावानी दिसंल. भितील बारकी पोरं.”

“तोही भ्यायलाच असेल काढताना. तरी त्यानं घातला.”

“पर मला तुमचा समुद्र आवडतोय.”

“माझा नाही रे तो,” बाई म्हणाल्या. “तुझ्या आजोबांची गोष्ट कुणी अशी धुऊन सांगितली तर चालेल तुला?”

मिलिंद आत जाऊन लाल ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आला. तो स्वतःच लावायला निघाला होता, पण बाईंनी ब्रश काढून घेतला. “तू बघितलेलं नाहीस. मी बघून आलेय.” ज्या बाईंच्या हातात आम्ही कधी ब्रश पाहिला नव्हता, त्या पदर खोचून भिंतीशी उभ्या राहिल्या आणि लाटांच्या कडांवर एकेक लाल फटकारा ओढू लागल्या. थोडासाच, पण नेमका. ओढायच्या, मागं सरायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा पुढं. वर्गांतली पोरं बाहेर येऊन ओळीनं बसली होती. कुणी भ्यालं नाही.

हात पोचला तिथपर्यंत झालं. मिलिंदनं बाक आणून ठेवला, पण त्यांचे गुडघे मला माहीत होते. मी चढू दिलं नाही. “बरं, उरलेलं पुढच्या खेपेला,” त्या म्हणाल्या. “शिडी आणू चांगली.” परतीच्या वाटेवर त्या गाडीत शांत झोपल्या.

पुढची खेप झाली नाही. थंडीत साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि चार दिवसांत बाई गेल्या. शिडीसाठी मी आमच्या शेजाऱ्याशी बोलून ठेवलं होतं. निवृत्तीपासून आम्ही रोज दुपारी चहावर वाद घालायचो; बाईंशिवाय मला दुपारी कुणाशी भांडावं तेच समजेना.

मागच्या वर्षी मी त्या शाळेत गेलो. भिंत तशीच आहे. खाली लाटांमध्ये लाल आहे, एका उंचीपर्यंत. त्याच्यावर नुसतं निळं, थेट जहाजापर्यंत. मी मिलिंदला म्हणालो, आता तरी पुरं कर, तुला पोचतं की.

“मी कुठं बघितलंय सर?” तो म्हणाला. “पोरांना सांगून ठिवलंय. जो कोन तिथं जाऊन बघून यील, त्यानं पुरं करायचं.”

लाल रंगाचा तो डबा त्याच्या वर्गातल्या कपाटात आहे. दर जूनला शाळा उघडली की मिलिंद त्याचं झाकण काढतो, वर धरलेली साय बाजूला करतो आणि रंग वाळू नये म्हणून काडीनं नीट ढवळून ठेवतो.