नवरंगाची वाट

हे जग पक्ष्यांसाठी निर्माण झालं असून माणसं त्यात विनापरवाना शिरली आहेत, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी पाहिली : माझ्या बायकोची मुलुंडची मावशी. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना या बाई मूठभर अक्षता मांडवाबाहेर नेऊन चिमण्यांना घालत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या डोक्यावर टाकायला गाव होता, जावईबापू. त्यांचं कोण होतं?"

ऐंशी सालानंतरच्या कुठल्याशा मेअखेरीस त्यांनी मला बोरिवलीच्या जंगलात नवरंग बघायला नेलं. हा पाठीवर हिरवा, पोटाशी लाल पक्षी पावसाच्या तोंडावर येतो आणि दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. मी हौसेने नवा पिवळाजर्द टी-शर्ट घालून गेलो. मावशींनी पिशवीतून मावसोबांचा जुना खाकी शर्ट काढला. "आपण बघायला जातोय, दिसायला नाही." त्या शर्टाची बटणं माझ्या पोटावर लागेनात, म्हणून मी दिवसभर श्वास आत ओढून निसर्ग पाहिला. कान्हेरीच्या चढावर पिकनिकची एक गाडी टेप लावून आली. मावशी छत्री आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या! "बंद करा ते. वर पोरं निजलीत." गाडीतली मंडळी बावचळून झाडावर पोरं शोधू लागली, पण टेप बंद झाला.

दुपारी एका सुक्या ओढ्याकाठी आम्ही बसलो. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. इतक्यात करवंदीच्या जाळीतून स्पष्ट दोन सुरांची शीळ आली. मी आनंदाने मावशींकडे पाहिलं. त्या कानामागे हात धरून समोर बघत होत्या.

"अजून नाही आला," त्या म्हणाल्या.

शीळ पुन्हा आली. अगदी मागून.

"मावशी, बोलला तो. दोनदा."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"गेल्या वर्षी मला वाटलं, आलाच नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "कसा बोलला? करून दाखवा."

मी कशीबशी शीळ घातली.

"छे! दुसरा सूर खाली उतरतो."

मी पुन्हा घातली. आणि जाळीतून उत्तर आलं.

"मावशी, त्याने ओ दिली!"

"तुम्हाला?" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "मग थांबलात का? बोला ना त्याच्याशी!"

मी शीळ घालत राहिलो. तो ओ देत राहिला. मावशी माझ्या ओठांकडे टक लावून बघत होत्या.