सोमवारची मासळी

पेडण्याच्या बाजारात सकाळी सातच्या आत पोहोचलात तर चहाच्या दुकानात चवळीसारख्या अळसांद्यांची पातळ भाजी मिळते. साडेसातनंतरही तीच भाजी असते, फक्त तिच्यात पाणी वाढलेलं असतं. डिचोलीला बसस्टँडमागच्या दुकानात गरम गोल पाव, म्हणजे उंडे, हवे असतील, तर पाववाला पोदेर सायकलवरून टोपली उतरवतो त्याच वेळी बसायचं. साखळीत मिरचीची भजी चारला, पाचला नव्हे. वास्कोत बंदराकडच्या खानावळीत तळलेले मुडदुशे मासे, पणजीत संध्याकाळच्या गाड्यावरचं रश्शात बुडालेलं रस-ऑम्लेट, आणि एप्रिलमध्ये काजूचा उर्राक कुठला प्यावा आणि कुठला बघूही नये, हे सगळं मला पाठ आहे. लोक म्हणतात, गोव्यात मोठं शहर नाही. मला तर अख्खा गोवाच एक शहर वाटतो, मधे थोडी शेतं आणि नद्या आल्यात एवढंच.

मी खवय्या बिवय्या मुळीच नाही. मला एका जागी बसवत नाही, इतकंच. तुयेच्या कारखान्यात पाळी संपली की खोलीवर जायच्या ऐवजी मोटारसायकल काढतो आणि कुठेतरी जाऊन खातो. खाणं दहा मिनिटांत उरकतं. मग चहा दुसऱ्या गावात. कोणी विचारलं की मी रुबाबात पत्ते सांगतो, अमक्या ठिकाणी हे खा, तमक्या ठिकाणी ते. काय कसं लागतं हे मात्र कोणी मला कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मला ते पहिल्यांदा विचारलं बाबांनी.

बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी खाणीवर ट्रक चालवायला डिचोलीत आले, कारापूरला घर केलं आणि तिथेच राहिले. खाणी बंद झाल्या, ट्रक गेला, तोंडातली तंबाखू राहिली. गेल्या वर्षी जिभेच्या कडेला एक फोड आला. तो बरा होईना. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, जिभेचा तुकडा काढावा लागेल, जबड्याचाही थोडा भाग जाईल, पुढे किरणांचे शेक द्यावे लागतील. नंतर जेवता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, काही महिने नळीनं, त्यानंतर बघू. चव कितपत परत येईल ते सांगता येत नाही.

बाबा ऐकत होते. मी मात्र खुर्चीत टिकलो नाही. पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेलो आणि व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिलो. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला काहीतरी ठरवावं लागतं. तिथेच मी ठरवलं की ऑपरेशनच्या आधी एक दिवस बाबांना सगळीकडे फिरवायचं. जिथे जिथे मी खाल्लंय, तिथे तिथे त्यांनी खायचं. जेवढा मासा या माणसाला आवडतो, तेवढा एका दिवसात खाऊ घालायचा.

इस्पितळात भरती व्हायचं होतं मंगळवारी. कारखान्यात माझी सुट्टी आदल्या दिवशी होती. एका सहकाऱ्याची गाडी मागून घेतली, कागदावर यादी केली. शनिवारी फोनवर बाबांना वाचून दाखवली. डिचोली, म्हापसा, वास्को, परतताना पणजी. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "बरा तर. मी तयार ऱ्हवतंय."

सकाळी कारापूरला पोहोचलो तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले होते. आई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. मला वाटलं, तिला रडू येतंय.

डिचोलीत भाजी-पाव खाल्ला. बाबांनी उंड्याचा कडक पापुद्रा बाजूला काढला, तो जिभेला लागत होता. आतला मऊ भाग भाजीत बुडवून बुडवून खाल्ला. अर्धा तास लागला. मी सात मिनिटांत मोकळा झालो होतो आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत होतो. "कसली घाई तुका?" बाबा म्हणाले. मी म्हणालो, म्हापशाला उशीर झाला तर उभं राहावं लागेल.

म्हापशाची ती खानावळ बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दुपारी तिथे लोक जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे असतात, हा कधी उठतोय म्हणून. आम्ही पोहोचलो तर अर्धी टेबलं रिकामी. मी खूश झालो. बाबांना पंख्याखालच्या जागेवर बसवलं आणि मालकाला ओरडून सांगितलं, "दोन मासळीच्या थाळ्या. बांगडा मोठा बघून दे. आणि हुमण जास्त."

मालक जवळ आला. वयस्क माणूस, कमरेला टॉवेल. त्यानं बाबांच्या कपाळावरचं गंध पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही मासळीच्यो?" त्यानं विचारलं.

"मग?"

बाबा ग्लासातलं पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "माका शिवराक हाड. आज सोमार मां."

आमच्याकडे सोमवारी मासा शिजत नाही. मासा नाही, मटण नाही, अंडंही नाही. त्या जेवणाला शिवराक म्हणतात. डिचोली-पेडण्यातली कितीतरी घरं सोमवार पाळतात, म्हणून तर टेबलं रिकामी होती. बाबांचा सोमवार तर ट्रक हातात आल्या दिवसापासूनचा. उतारावर भरलेला ट्रक सांभाळणारा माणूस एवढं एक पाळत आला होता आणि एकदाही मोडलं नव्हतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण कारखान्यात लागल्यापासून माझ्या आठवड्याला वारच उरले नाहीत. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी, सुट्टी. मी ज्याला सुट्टी म्हणत होतो तो सोमवार आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार हे मला माहीत होतं, इतका मी शहाणा.

मला संताप आला. स्वतःचा आला होता, काढला बाबांवर. "तुमी शनिवारी कित्या सांगूक नाय? यादी वाचली तेवां सगळा मासोच होतो! फोनवर तोंड नव्हता तुमका?"

तोंड हा शब्द बाहेर पडल्यावर मी थिजलो. मालकही थोडा मागे सरकला. बाबांना काही लागलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

"आजचो एक सोमार सोडा," मी आवाज खाली आणून म्हणालो. "देव समजान घेतलो."

"देव घेतलो," बाबा म्हणाले. "मी घेवचंय नाय. तू खा. मी बघतंय."

थाळ्या आल्या. त्यांच्या ताटात डाळ, भाजी, सोलकढी. माझ्या ताटात हुमण, म्हणजे माशाची आमटी, आणि वीतभर बांगडा. मला खावंसं वाटेना. तरी बाबा समोर बसले होते आणि माझ्याकडे बघत होते, म्हणून खाल्लं. दोन घासांनंतर त्यांनी विचारलं, "तिरफळ लागता?"

"लागत असेल."

"असेल म्हणजे काय? लागता काय नाय?"

मी परत एक घास घेतला. तिरफळ होतं, जिभेच्या टोकाला किंचित बधिर करत होतं. तसं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, नारळ बारीक वाटलाय की भरड. आमसूल की चिंच. बांगडा आजचा की कालचा, काट्याजवळचं मांस सुटतंय का. मी एकेक घास थांबून, चावून, उत्तर देत गेलो. शाळेत तोंडी परीक्षेला उभा केल्यासारखं मला होत होतं. मला तिथून पळायचं होतं आणि बाबांचे प्रश्न संपत नव्हते. ते स्वतः डाळभात खात होते आणि मान हलवत होते.

मला वाटलं, आता घरी जायचं. ते म्हणाले, "घराक खेका? यादी आसा मां?" मग वास्को. खाडीवरच्या पुलावर त्यांनी काच खाली केली आणि पाण्याकडे बघत राहिले. बंदराकडच्या खानावळीत पोट फुटायची वेळ आलेली असताना मी मुडदुशे खाल्ले आणि रवा किती जाड होता ते सांगितलं. पणजीला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रस-ऑम्लेटच्या गाड्यापाशी बाबांनी चहा घेतला. मी ऑम्लेट खाल्लं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो. बाबांनी पाठ चोळली. पाण्याची बाटली पुढे करून म्हणाले, "रस बरो होतो काय?" आणि हसले. मी हसू शकलो नाही. या माणसाला शेवटचा मासा खायला घालायचा होता, तो मी माझ्या मूर्खपणानं घालवला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑपरेशन झालं. पुढचे महिने आईनं पेज गाळून नळीतून घातली. मी पाळ्या करत होतो, कारापूरला येत-जात होतो आणि वाटेत कुठेही खात नव्हतो असं नाही, खात होतो. खाताना थांबत होतो, कारण घरी गेलो की बाबा हातानं खूण करून विचारायचे, काय खाल्लंस? त्यांना नीट बोलता येत नव्हतं. पेडण्याची भाजी, साखळीची भजी, सगळं सांगावं लागायचं. उगाच काही ठोकून दिलं तर त्यांना कळायचं. प्रत्येक वेळी सांगताना मला तो सोमवार आठवायचा. रात्रपाळीत यंत्रापाशी उभा असताना मी स्वतःला शिव्या घालायचो.

शेक संपले. नळी निघाली. हळूहळू मऊ भात गिळता यायला लागला. गेल्या महिन्यात एका तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, काटा काढून मासा द्यायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी बाबांनी पाटीवर लिहिलं, म्हापसा. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आईला विचारलं, फोनमध्ये पाहिलं आणि रविवार धरला.

रविवारी खानावळ भरलेली. मालकानं आम्हाला ओळखलं. बाबांचा आवळलेला गाल पाहिला आणि आम्हाला आत भटारखान्याच्या दाराशी टेबल दिलं. तिथे लोकांची नजर पोचत नाही. जेवताना हल्ली बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळतं, त्याची त्यांना लाज वाटते, हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

थाळी आली. मी बांगड्याचे काटे काढले, भात हुमणात कालवला. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून तो तोंडात फिरवत राहिले. खूप वेळ. मी टेबलाची कड धरून बसलो होतो. मग त्यांनी गिळला, रुमालानं ओठ पुसले आणि जड, चुकणाऱ्या आवाजात मालकाला म्हणाले, "तिरफळ कमी पडला."

मालक म्हणाला, "आज कमीच हाडिल्लीं, खरें." आणि मी रडायला लागलो. भरल्या खानावळीत, हातात माशाचे काटे घेऊन. मालक ग्लास भरून ठेवून गेला.

रडणं थांबल्यावर मी म्हणालो, त्या दिवशीच खाल्ला असतात तर. माझ्या गाढवपणानं तुमचं राहिलं.

बाबांनी मान हलवली. एकेक शब्द लावत, मधे थांबत ते बोलले. "माका म्हायत होता. सोमार ता. शनवारीच."

"मगे सांगूक कित्या नाय?"

"तुज्या आवशीक पण गप ऱ्हवूक सांगलंय." त्यांनी परत ओठ पुसले. "तेवां सगळा खाऊन घेतलंय आसतंय, तर संपला आसता. मगे परत खेका इलंय आसतंय? कायतरी ऱ्हवूक व्हया होता. मासो ऱ्हवलो, म्हणान इलंय."

एवढं बोलून ते दमले. इतके महिने मी ज्या चुकीसाठी स्वतःला खात होतो, ती त्यांनी शनिवारीच उचलून खिशात ठेवली होती. मला हलकं वाटायला हवं होतं. पण ऑपरेशनच्या आधी माझ्यासमोर डाळभात खात बसलेला हा माणूस आतून किती घाबरला असेल, हे मला तेव्हा कुठे कळलं. मी आपला मुडदुश्यांचा रवा किती जाड होता ते सांगत होतो.

त्यांचं जेवण सव्वा तास चाललं. पलीकडे टेबलांमागे लोक उभे होते. मी किल्ली खिशातून काढली नाही. बाबांनी अर्धा बांगडा खाल्ला, बाकीचा अर्धा ताटाच्या कडेला सरकवला आणि पाणी प्यायले. मी सवयीनं हात पुढे केला. लहानपणापासून त्यांच्या ताटातलं उरलेलं मीच संपवत आलोय.

"बरा नाय लागणा?" मी विचारलं.

"बरो आसा," ते म्हणाले. "ऱ्हवांदे."

येत्या शुक्रवारी पुन्हा तपासणी आहे. शेकांनंतरची मोठी तपासणी, जिची तारीख आई कॅलेंडरवर लिहायलाही तयार नाही. मला एकदम ते आठवलं आणि मी हात मागे घेतला. मालक ताट उचलायला आला, त्याला म्हटलं, राहू दे थोडा वेळ. मग आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.