दोन परतीची तिकिटं

दोन परतीची तिकिटं आधीच काढून मी जळगावहून निघालो. एक माझं, एक वैशालीचं. पोरीनं पत्रात चारच ओळी लिहिल्या होत्या: यंदा परीक्षेला बसत नाही, काळजी करू नका. मी काळजी करत नव्हतो, मी संतापलो होतो. दोन वर्षं दिल्लीत राहून कलेक्टरची परीक्षा द्यायची सोडून ही काय करते आहे, हे विचारायचं आणि तिला घेऊन यायचं, एवढाच माझा बेत होता.

धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा निजामुद्दीनला लागली. थंडी अशी, की तोंडातून निघणारी शिवीसुद्धा दिसावी. रिक्षानं वैशालीच्या पत्त्यावरचं मुनिरका गाठलं. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतून चहाचा कप सहज देता यावा. प्रत्येक मजल्यावर पुस्तकात डोकं घातलेली पोरं. वैशालीचे घरमालक, सगळे त्यांना ताऊ (थोरले काका) म्हणत, खाटेवर हुक्का ओढत बसले होते.

"वैशाली? वो तो छह महीने हुए नोएडा चली गई जी. इतवार को आके अपनी चिट्ठियाँ ले जाती है. आपको नहीं बताया?"

म्हणजे सहा महिने मी एका रिकाम्या खोलीला पत्रं लिहीत होतो! ताऊंनी चहा मागवला, तो मी घेतला नाही. पत्ता लिहून घेतला आणि निघालो.

यमुना ओलांडली तशी बसमधली माणसं पांगली आणि रस्ते रुंद झाले. एका बाजूला सरसों (मोहरी) पिवळीधम्मक फुललेली, दुसऱ्या बाजूला प्लास्टर न झालेल्या इमारती आणि त्यांच्यावर टीव्ही-फ्रिजच्या जाहिराती. इथे वस्त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. बाराच्या समोर बावीस! ज्यानं हे आकडे टाकले त्याला माझ्या दुकानात एक दिवस वजनकाट्यावर बसवायला हवं. दोनदा चुकीच्या सेक्टरला उतरलो. सायकलरिक्षावाला म्हणाला, "बाबूजी, गुस्सा मत करो, यहाँ सब भटकते हैं." त्यामुळे राग आणखीच चढला. छोले-कुलचे घेतले, ते तिखट लागले की राग, कळलं नाही. अर्धी प्लेट टाकून दिली.

वैशालीनं दार उघडलं. शनिवारची सुट्टी असल्यानं ती घरीच होती. दिवसाढवळ्या वीज गेलेली, खिडकीसमोर पुढच्या इमारतीची भिंत, टेबलावर मेणबत्ती. "बाबा?" एवढंच ती म्हणाली, आणि मी सुरू झालो. खोटारडी म्हणालो. आईच्या डोळ्यांत धूळ फेकलीस म्हणालो. सामान बांध म्हणालो. तिचा श्वास आखूड आखूड होत गेला, ओठ पांढरे पडले, हाताची बोटं आत वळली. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"खोल श्वास घे! घे म्हणतो ना!" मी ओरडलो. श्वास आणखी तुटायला लागला.

"ओरडू... नका," ती कशीबशी म्हणाली.

मी घाबरलो. आणि घाबरलो की मला आणखी राग येतो. काय करावं सुचेना, तेव्हा हाताला जे कळतं ते केलं. मी सोनार. तीस वर्षं फुंकणीनं दिव्याची ज्योत वाकवून डाख (सांधा जोडणारा धातू) वितळवतोय. फुंकर तुटली तर डाख बसत नाही, जोरात गेली तर दागिनाच वितळतो. वैशाली लहानपणी भट्टीशेजारी बसून हेच बघायची. मी मेणबत्ती आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

"इकडे बघ. ज्योत फक्त वाकवायची. अशी."

मी फुंकलं आणि ज्योत विझली.

तीस वर्षांत पहिल्यांदा! काडी पेटवली, पुन्हा फुंकलं, पुन्हा विझली. रागाचा श्वास तो, कसला आटोक्यात राहतोय. वैशालीच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती की रडत होती, देव जाणे.

"नाकानं घ्या, बाबा. गालात धरा. मग हळू," ती धापा टाकत म्हणाली. हे माझेच शब्द होते.

तिसऱ्यांदा ज्योत वाकली आणि टिकली. मग तिची पाळी. पहिल्यांदा ज्योत थरथरली, मग थोडी लवली, मग आडवी होऊन राहिली. आम्ही आळीपाळीनं फुंकत राहिलो. बोटं सुटली. ओठांवर रंग आला.

मग तिनं सांगितलं. दोन्ही वर्षी पेपर हातात आला की हेच व्हायचं. दोन्ही वेळा ती उठून बाहेर आली होती. आता ती एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, तिथे असं होत नाही.

"मग घरी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही ओरडला असतात."

"मी ओरडत नाही!" मी असा ओरडलो, की शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, "सब ठीक है ना, बेटा?"

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं.

दोन दिवस तिच्याकडे राहिलो. तिनं सामान बांधलं नाही, मीही पुन्हा म्हणालो नाही. पण राग गेला होता, असं कुणी समजू नये. परतीच्या गाडीत टीसीनं विचारलं, "दूसरी सवारी?" नहीं आएगी, म्हणालो आणि त्या रिकाम्या बर्थकडे बघून पुन्हा पेटलो. या वेळी माझ्यावरच. परक्या सोन्याला मी इतकी वर्षं श्वास सांभाळून जपलं, आणि पोरीशी बोलताना मात्र नुसता भाता चालवला.

घरी पोचलो. सौ. आतूनच ओरडली, "वैशू आली का?"

उत्तर ओठांवर तयार होतं, चढ्या आवाजातलं. मी नाकानं श्वास घेतला, गालात धरला, हळू सोडला.

"नाही आली. तिला तिथे नोकरी लागलीये. बरी आहे ती," मी म्हणालो.

सौ. पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इतकं हळू का बोलताय? पोरीला काही झालं का हो?"