अभ्यंगस्नान व्हाया टोकियो

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या माणसाने झाडांची रंगीत पानं बघायला जपानला जाऊ नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनीच सांगितलं होतं. आमच्या श्रूजबरीत ऑक्टोबर लागला की मेपलची झाडं अशी रंगतात की लांबलांबून लोक गाड्या भरून नुसती पानं बघायला येतात. माझ्या नवऱ्याने, शिरीषने, तर मला खिडकीपाशी नेऊन अंगण दाखवलं. "पानंच बघायचीयत ना? दर वर्षी सतरा पोती निघतात. रेक गराजमध्ये आहे."

पण ऑफिसातल्या एका बाईने मला तिच्या जपानच्या ट्रिपचे फोटो दाखवले होते. डोंगरातली छोटी गावं, गवताने शाकारलेली उतरती छपरं, लाल पानांखाली वाफाळणारे गरम पाण्याचे झरे. माझं डोकं फिरलं. त्यात सासूबाईंचे आमच्याकडचे सहा महिने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होते. मी ठरवलं, आपण सगळेच त्यांच्याबरोबर जपानपर्यंत जायचं, आठ दिवस फिरायचं, मग त्या टोकियोहून मुंबईच्या विमानात बसतील आणि आम्ही बॉस्टनच्या.

"गरम पाण्याची कुंडं?" सासूबाई म्हणाल्या. "मग वज्रेश्वरी काय वाईट आहे?"

"विल देअर बी टीव्ही?" आमची अकरा वर्षांची राही म्हणाली.

मी तिघांकडेही दुर्लक्ष केलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून त्या त्यांच्या नाकासमोर धरायच्या, याचा मला पगार मिळतो. (घरी हेच काम मी फुकट करते, असं शिरीषचं म्हणणं आहे.) तेव्हा माझ्या ट्रिपमध्ये चूक राहणं शक्यच नव्हतं. मी चौदा पानी प्लॅन तयार केला. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून, कुठे शाकाहारी जेवण, कुठे फक्त भात. फोटोंना उजेड चांगला मिळावा म्हणून रोजच्या सूर्योदयाची वेळसुद्धा त्यात होती. सगळी बुकिंग्ज झाली. एकाचेही पैसे परत मिळण्यासारखे नव्हते.

जपानला पोचल्यावर पाचव्या दिवशी आम्ही बसने एका डोंगरी गावाला निघालो होतो. बाहेर खरंच दृष्ट लागेल अशी झाडं होती. सासूबाई बाहेर बघत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मंजू, उद्या नरकचतुर्दशी ना गं?"

मी हसले. "नाही हो आई. दिवाळी बारा तारखेला आहे. शनिवारी."

"दिवाळी शनिवारी कशी असेल? अमावास्येला असते."

बारा तारखेला होती ती मंडळाची दिवाळी! आमच्या मराठी मंडळाची दिवाळी शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी असते. एका वर्षी तर ती थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात झाली होती. आठ वर्षं अमेरिकेत राहून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की दिवाळी ही हॉलवर अवलंबून असते. पंचांग बघायचं मला सुचलंच नव्हतं. माझी सासू दिवाळीच्या दिवशी ना सांगलीत होती, ना मुलाच्या घरी. ती माझ्या कृपेने एका जपानी बसमध्ये होती.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या.

ज्यांना सासू आहे त्यांना 'असू दे'चं वजन माहीत आहे. मग त्या पुढे म्हणाल्या, "अडुसष्ट वर्षांत पहाटेची अंघोळ एकदाही चुकली नाही. शिरीष पाच दिवसांचा होता, तेव्हासुद्धा नाही. तेल-उटणं आणलं होतं मी मे महिन्यात येताना. दिवाळी तुमच्याकडे होईल असं वाटलं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी हातातली पर्स जरा घट्ट धरली आणि पुन्हा झाडं बघायला लागल्या. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काय सांगू.

गाव फोटोतल्यासारखंच होतं, पण मला आता फोटोत रस उरला नव्हता. आमचं उतरायचं घर म्हणजे दोनशे वर्षांचं लाकडी घर. खोलीला न्हाणीघर नाही. अंघोळ करायची ती मागच्या अंगाला, गरम पाण्याच्या सामायिक कुंडात, पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मध्ये बांबूची भिंत. मी तयारीने तिघींचे स्विमसूट नेले होते. घरमालकीण, साधारण माझ्याच वयाची बाई, हसतमुखाने आम्हाला दारावरच्या पाटीपाशी घेऊन गेली. पाटीवर चित्रं होती. स्विमसूट घातलेल्या बाईवर लाल फुली होती. फेसाळ साबण घेऊन पाण्यात उतरलेल्या बाईवरही लाल फुली होती. फुली नसलेल्या बाईच्या अंगावर काहीही नव्हतं.

"नो वे," राही म्हणाली आणि निघून गेली.

"मलाही जरा कणकण वाटतेय," मी म्हणाले. सात हजार मैलांवरून गरम पाण्याचे झरे बघायला आलेली मी पाटी बघून परत फिरले.

सासूबाई मात्र हलल्या नाहीत. त्या दाराच्या फटीतून आत बघत होत्या. आत भिंतीकडेला बुटकी लाकडी स्टुलं मांडलेली होती. प्रत्येक स्टुलासमोर एक लाकडी बादली. पलीकडे कुंडात कढत पाणी अखंड पडत होतं आणि काठावरून वाहून जात होतं.

"अगं, हा पाट," त्या म्हणाल्या. "ही बादली. आणि पाणी तर बंबातल्यापेक्षा कढत. पहाटे किती वाजता उघडतं हे?"

"पाच वाजता. पण आई..."

"सूर्योदय किती वाजता?"

"सहा दहा." (हे मला तोंडपाठ होतं.)

"मग पावणेपाचला उठा सगळे."

मी त्यांना परोपरीने समजावलं. तेल चालणार नाही, पाण्यावर तवंग येईल, आपल्याला घराबाहेर काढतील, शिवाय कपडे काढावे लागतात. सासूबाईंनी शांतपणे एकेकाचा निकाल लावला. "तेल मी डबक्यात जाऊन लावणारे का? इथे बसून लावायचं, इथेच धुवायचं, मग उतरायचं. ते पाटीवर तेच सांगतायत. आणि राहीच्या वेळी चाळीस दिवस तुला तेल कोणी लावलं? तुझं काय बघायचं राहिलंय माझं?"

खोलीत परत येताना सासूबाई मधल्या दालनात थबकल्या. तिथे कोनाड्यासारख्या जागेत एका उंच भांड्यात सुकी फांदी, दोन लाल पानं आणि एक वेल अशी सुरेख रचना होती. ती घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई रोज स्वतः करतात, हे मालकीणबाईंनी आम्हाला येताक्षणी खुणांनी सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली गेला होता. वेलीला तीन फळं लटकत होती. लहान अंड्याएवढी, हिरवी, पांढऱ्या रेघांची.

"कारिटं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई. ते शोभेचं आहे."

"कारिटं नाहीत तर मग काय आहे?" नरकासुर म्हणून अंघोळीआधी पायाखाली फोडायचं ते कडू फळ त्यांनी मागच्या सहा महिन्यांत अमेरिकेच्या पाच दुकानांत शोधलं होतं. मी त्यांना दंडाला धरून खोलीत आणलं.

पहाटे पाचला आम्ही तिघी कुंडापाशी होतो. राही टॉवेलमध्ये स्वतःला इतकी गुंडाळून आली होती की फक्त नाक दिसत होतं. "दिस इज सो एम्बॅरसिंग," नाक म्हणालं. कुंडावर दुसरं कोणी नव्हतं. सासूबाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि तेल लावायला घेतलं. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांच्या हाताला जोर असा, की मला राहीच्या बाळंतपणातले ते चाळीस दिवस आठवले. मग उटणं. दहा मिनिटांत मी डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी झाले.

बांबूच्या भिंतीपलीकडून शिरीषची हाक आली. "आई, मला उटणं?"

सासूबाईंनी पुडीचा अर्धा भाग कागदात बांधला आणि भिंतीवरून टाकला. पलीकडे पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मग शिरीष कोणालातरी तीन वेळा सॉरी म्हणाला.

"हळू बोला," मी म्हणाले. "आई, तेल सांडू देऊ नका. राही, तू त्या कुंडाच्या जवळ जाऊ नकोस. एक थेंब जाता कामा नये त्यात, एक थेंब." असं मी निदान वीस वेळा सांगितलं असेन.

तेवढ्यात सासूबाईंनी मूठ उघडली. मुठीत हिरवं, पांढऱ्या रेघांचं फळ होतं.

"आई, तुम्ही चोरलंत?"

"चोरेन कशाला? रात्री त्या मालकीणबाईंना विचारलं, हे घेऊ का. त्यांनी मान डोलावली."

"आई, त्या सगळ्यालाच मान डोलावतात!"

"एकच घेतलंय. चल, आधी घरच्या सुनेने फोडायचं. डाव्या पायाने. राही, तू गोविंदा म्हण."

वेळ पाच पंचेचाळीस. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी उठले, कारीट फरशीवर ठेवलं आणि एकदाचा नरकासुर संपवावा म्हणून डाव्या टाचेचा जोरात घाव घातला. फरशी ओली होती आणि टाच तेलात न्हायलेली होती. नरकासुर सटकला. घरंगळत गेला आणि टुपकन कुंडात पडला. त्याच्यामागोमाग मी गेले. अंगावरच्या तेलासकट, उटण्यासकट, एक थेंब जाता कामा नये असं ज्या कुंडाबद्दल सांगत होते त्याच कुंडात मी पाठमोरी, पाय वर करून पडले.

वर आले तेव्हा पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरत होता. उटण्याचा तपकिरी ढग माझ्याभोवती वाढत होता. ते फळ माझ्या नाकासमोर डोलत होतं. आणि दारात आजीबाई उभ्या होत्या.

"गोविंदा," राही हळूच म्हणाली.

आजीबाईंनी तवंगाकडे पाहिलं. मग फळाकडे. ते फळ त्यांनी बरोबर ओळखलं. मी पाण्यातूनच हात जोडले, कमरेत वाकले, त्या नादात पुन्हा नाकातोंडात पाणी गेलं. आता ही म्हातारी ओरडणार, आमच्या बॅगा रस्त्यावर येणार आणि माझ्या सासूची दिवाळी दुसऱ्यांदा माझ्यामुळेच बुडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आजीबाईंनी कोपऱ्यातली लांब दांड्याची जाळी घेतली आणि फळ बाहेर काढलं. सासूबाई पुढे झाल्या. जराही न गडबडता त्यांनी ते आजीबाईंच्या हातातून घेतलं, फरशीच्या कोरड्या भागावर ठेवलं, आणि डाव्या अंगठ्याने नेमका दाब देऊन फोडलं. एक बी कपाळाला लावली. मग ठणठणीत मराठीत म्हणाल्या, "राक्षस होता हो. आज त्याला मारायचा दिवस. मग अंघोळ आणि मग दिवाळी. ही माझी सून, जरा धांदरट आहे."

आजीबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. काय कळलं देव जाणे. पण त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. हसतच त्या बाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात उरलेली दोन फळं होती. एक त्यांनी राहीसमोर ठेवलं. राहीने टॉवेल सांभाळत ते एका फटक्यात फोडलं. ("दॅट वॉज ऑसम!") दुसरं त्यांनी स्वतःसमोर ठेवलं, सासूबाईंकडे एकदा बघून पाय बरोबर असल्याची खात्री करून घेतली, आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या रचनेतलं शेवटचं फळ डाव्या पायाखाली चिरडलं.

"सहाला पाच कमी," भिंतीपलीकडून शिरीष ओरडला. "झाली का सगळ्यांची अंघोळ?"

झाली. सासूबाई तेल-उटणं लावून, स्वच्छ धुऊन, सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी वाफाळत्या पाण्यात गळ्यापर्यंत बसल्या होत्या. शेजारी आजीबाई होत्या, पाठीला सासूबाईंकडून उटणं लावून घेऊन, ते नियमाप्रमाणे बाहेरच धुऊन मग उतरलेल्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी जपानीत, आणि दोघींचं एकमेकींना पटत होतं. समोरच्या डोंगरावर उजेड यायला लागला तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटले. चेहरा असा निवला होता की मला तिथेच रडू आलं. रडायला वेळ मात्र नव्हता. आजीबाईंनी माझ्या हातात एक जाळी आणि एक ब्रश दिला होता, आणि शेवटचा तवंग निघेपर्यंत मला कुंडाच्या काठावर घासत बसायचं होतं.

बारा तारखेला श्रूजबरीत मंडळाची दिवाळी झाली. मी हॉलमध्ये पाय ठेवला तर बायकांचा घोळका वळून माझ्याकडे बघायला लागला. त्यातल्या सुधाकाकूंची बहीण सांगलीत सासूबाईंच्या शेजारी राहते, त्यामुळे बातमी माझ्याआधी पोचली होती.

"मंजू, खरं का गं?" काकू म्हणाल्या. "तू सासूबाईंना अभ्यंगस्नानासाठी मुद्दाम जपानला नेलंस? नरकचतुर्दशी गाठून? झऱ्याच्या पाण्याने? तुझ्या सासूबाई सगळ्या गल्लीला सांगतायत, सुनेनं सहा महिने आधीपासून आखलं होतं म्हणून."

शिरीषने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडात करंजी घातली.

"बाई बाई," मागून कोणीतरी कुरकुरली, "आता आमच्या सासूबाईंना काय सांगायचं आम्ही?"

"इश्श, त्यात काय एवढं," मी पदर सावरत म्हणाले. लग्नाला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी जे जे खरोखर केलं, त्याबद्दल कोणी अजून चकार शब्द काढलेला नाही. जे केलंच नाही, त्याच्या जोरावर मात्र मी आज सांगलीपासून श्रूजबरीपर्यंत आदर्श सून आहे.